दोन लिटर पाण्याचा हिशेब कोण ठेवणार?

नांदेड-लातूरकडच्या इंजिनिअरिंग कॉलेजांत नवउद्योगावर भाषण असलं की एक सल्ला हमखास कानावर पडतो. पाहुणे पुण्याचे असोत की बंगळुरूचे, सांगतात तेच. जोडलेल्या यंत्रांच्या, म्हणजे आयओटीच्या धंद्यात खालची बांधणी झालेली आहे. नेटवर्क टेलिकॉम कंपन्यांनी टाकलंय, माहिती साठवायला ॲमेझॉन-गूगलचं क्लाऊड भाड्यानं मिळतं, सेन्सर बाहेरून येतो. तुम्ही वरचं ॲप करा आणि शेतकऱ्याला विका. पायाभूत काम म्हणजे कोट्यवधींचं भांडवल, त्या वाटेला जाऊ नका. मुलं हे लिहून घेतात आणि त्या वर्षीच्या प्रोजेक्टांत आणखी एका ‘स्मार्ट शेती’ ॲपची भर पडते.

हा सल्ला मला मान्य नाही. खालची बांधणी झालेली आहे, हेच मुळात खरं नाही. शहरात बसून पाहणाऱ्याला ती झालेली दिसते, कारण त्याच्या भिंतीवरचं यंत्र बिघडलं तर संध्याकाळपर्यंत कोणीतरी येऊन नीट करून जातं. मुखेड, कंधार, निलंगा, देवणीच्या शिवारात यंत्र बसतं, फोटो निघतो, बिल मंजूर होतं. पुढे ते यंत्र खरं बोलतंय का, हे पाहण्याची जबाबदारी नेमकी कोणाची, ते गावात कोणालाच सांगता येत नाही. यंत्र जिवंत ठेवणं, त्याचा आकडा तपासणं आणि त्या आकड्याची हमी घेणं ही आपल्याकडे राहून गेलेली पायाभूत व्यवस्था आहे. तिचा चांगला व्यवसाय होऊ शकतो, तो इथल्याच मुलामुलींनी करावा, आणि पुण्यात बसून तो कोणाला जमणार नाही, असं माझं ठाम मत आहे.

पावसाच्या आकड्यापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडे त्या आकड्यावर वर्षाचं गणित अवलंबून असतं. २०१७ साली राज्य सरकारनं स्कायमेट कंपनीच्या भागीदारीत ‘महावेध’ प्रकल्प सुरू केला आणि महसूल मंडळागणिक एक स्वयंचलित हवामान केंद्र उभं केलं. राज्यभरात अशी दोन हजारांवर केंद्रं आहेत. महाराष्ट्राचं क्षेत्रफळ ३ लाख ७ हजार चौरस किलोमीटर. म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला सरासरी दीडशे चौरस किलोमीटर मुलूख आला. चोवीस तासांत ६५ मिलिमीटरपेक्षा जास्त पाऊस झाला की मंडळात अतिवृष्टी धरतात, मग पंचनामे होतात आणि ३३ टक्क्यांहून अधिक नुकसान असेल तर मदत पदरात पडते. यंत्रानं ६४ नोंदवला, तर आपलं सोयाबीन खरंच पाण्यात उभं आहे हे पटवून देण्यातच गावाचे दिवस जातात. अर्धापूरच्या केळीवाल्याचं तर याहून अवघड. हवामानावर आधारित फळपीक विम्यात थंडी आणि वाऱ्याची भरपाई ठरते ती केंद्राच्या नोंदीवरून. बागेत घड काळे पडलेत की नाही, हे त्या नोंदीला दिसत नाही.

आता ते पर्जन्यमापक उघडून पाहू. वर नरसाळं, त्याखाली तराजूसारखी दोन कप्प्यांची छोटी पळी. एक कप्पा ठरावीक पाण्यानं भरला की पळी कलते, पाणी सांडतं आणि दुसरा कप्पा धारेखाली येतो. प्रत्येक कलण्यासरशी पळीवरचं लोहचुंबक एका बारीक स्विचसमोरून जातं, स्विच क्षणभर मिटतो आणि लॉगर एक आकडा मोजतो. तोंडाचा व्यास २०० मिलिमीटर असेल, तर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे साधारण ३१ मिलिलिटर पाणी. या हिशेबानं ६५ मिलिमीटर म्हणजे जेमतेम दोन लिटर. दीडशे चौरस किलोमीटरमधल्या शेतकऱ्यांची मदत त्या दोन लिटरांवर ठरते.

ते दोन लिटर चुकायला फार काही लागत नाही. नरसाळ्यात पाखराची विष्ठा आणि धूळ साचली की पाणी थेंबाथेंबानं उतरतं. गांधीलमाशीनं आत मातीचं घर केलं तर पळी अडखळते. आपली काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते; तिच्यात रोवलेला खांब दोन-तीन वर्षांत किंचित कलला तरी पळी समतल राहत नाही आणि प्रत्येक कलण्याच्या मापात फरक पडायला लागतो. शिवाय धो धो पावसात पळी कलत असताना थोडं पाणी मोजणीबाहेर निसटतं, म्हणजे पाऊस जितका जास्त तितकी नोंद कमी पडण्याचा संभव जास्त. हा दोष जगभरच्या तंत्रज्ञांना ठाऊक आहे आणि तो दुरुस्त करता येतो. त्यासाठी कोणीतरी दरवर्षी मोजपात्रातून ठरलेलं पाणी ठरलेल्या गतीनं नरसाळ्यात सोडायला हवं, पळी किती वेळा कलली ते मोजायला हवं आणि निकालावर सही करायला हवी. ज्यानं यंत्र बसवलं त्यानंच ही सही करू नये. कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका म्हणून मी हे म्हणत नाही. बाजार समितीतला काटासुद्धा आपण मालकाच्या शब्दावर चालवून घेत नाही, वैधमापनशास्त्राचा शिक्का मागतो. तोच नियम इथे हवा.

यंत्रांची संख्याही आता वाढणार आहे. केंद्र सरकारच्या ‘विंड्स’ कार्यक्रमात तालुका पातळीवर हवामान केंद्र आणि ग्रामपंचायतीगणिक स्वयंचलित पर्जन्यमापक अपेक्षित आहे. नांदेडच्या १६ आणि लातूरच्या १० तालुक्यांत मिळून दोन हजारांच्या आसपास ग्रामपंचायती आहेत. एका मोटारसायकलवर दोघं जण, सोबत मोजपात्र, पाणसळ आणि लॅपटॉप. दिवसाला पाच यंत्रं तपासली तर दोन हजार यंत्रांना चारशे दिवस लागतात. एप्रिल-मेच्या पन्नास दिवसांत हे उरकायचं तर आठ जोड्या पाहिजेत. म्हणजे सोळा माणसं, एक लहानसं वर्कशॉप, सुट्या भागांचा साठा आणि नोंदी ठेवणारं एक ऑफिस. यात कोट्यवधींचं भांडवल कुठे आलं, हे त्या सल्लागारांनी मला दाखवावं. पुण्याहून लातूर सव्वातीनशे किलोमीटर आणि नांदेड साडेचारशे. तिथून तंत्रज्ञ पाठवायचा तर प्रवासभाडं आणि मुक्काम यांतच त्या भेटीचा पैसा संपतो. अंतर आपल्या बाजूनं काम करतंय असा हा दुर्मीळ धंदा आहे.

‘शेतकरी पैसे देत नाही,’ हा दुसरा ठेवणीतला आक्षेप. त्यानं का द्यावेत? आकडा चुकला तर ज्यांचे पैसे चुकीच्या खिशात जातात, त्यांनी ते द्यायचे आहेत. विमा कंपनी, मदत वाटणारं सरकार, शेतमाल तारण ठेवून कर्ज देणारी बँक, महावितरणचा कंत्राटदार, महापालिकेचा पाणीपुरवठा विभाग ही या सेवेची गिऱ्हाइकं आहेत. लातूर-उदगीरच्या डाळ आणि सोयाबीनच्या व्यापारात ओलाव्याच्या एका टक्क्यावर भाव फिरतो. २०२४ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ४,८९२ रुपये होता आणि सरकारी खरेदीत १२ टक्के ओलाव्याची अट होती. ओरड झाल्यावर त्या नोव्हेंबरात ती १५ टक्क्यांपर्यंत शिथिल केली गेली. त्या हंगामात खरेदी केंद्राबाहेर ट्रॅक्टर लावून बसलेल्या शेतकऱ्याला एका मीटरवर बारा आणि दुसऱ्यावर चौदा दिसला, तर त्यानं कोणाकडे जायचं? अशा मीटरची नियमित तपासणी करून तारखेची पट्टी चिकटवणारी प्रयोगशाळा लातूरच्या एमआयडीसीत असेल, तर तिला काम शोधत हिंडावं लागणार नाही. अशा तपासणीला, म्हणजे अंशशोधनाला, प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या एनएबीएलची मान्यता मिळवता येते. ती मिळवायला वेळ आणि चिकाटी लागते, पण त्यासाठी मुंबईत असण्याची अट नाही.

विजेच्या मीटरचं उदाहरण आणखी ताजं आहे. महावितरणच्या स्मार्ट मीटर योजनेत लातूर, नांदेड आणि छत्रपती संभाजीनगर या तीन परिमंडळांत मिळून २७ लाखांहून अधिक मीटर बसायचे आहेत, कंत्राट हैदराबादच्या एनसीसी कंपनीकडे आहे. २०२४ मध्ये प्रीपेड मीटरविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असं त्या जूनमध्ये सरकारला जाहीर करावं लागलं. लोकांचा राग यंत्रावर होता असं मला वाटत नाही. ‘मीटर पळतंय’ असं म्हणणाऱ्या बाईला तुझं म्हणणं बरोबर की चूक, हे सांगणारा तिऱ्हाईत माणूस जवळपास नव्हता, हे त्या रागाचं मूळ आहे. कायदा याबाबतीत तिच्या बाजूनं आहे. वीज ग्राहक हक्क नियम २०२० मध्ये त्रयस्थ प्रयोगशाळेकडून मीटर तपासून घेण्याची सोय आहे. २०२४ च्या दुरुस्तीनुसार ग्राहकानं तक्रार केली तर वीज कंपनीनं पाच दिवसांत पडताळणीसाठी दुसरा मीटर बसवून किमान तीन महिने खप ताडून पाहायचा आहे. हक्क कागदावर आला, तो बजावून देणारी माणसं आणि प्रयोगशाळा तालुक्याजवळ नाहीत. यातच पुन्हा माहितीच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे. दर पंधरा मिनिटांनी किंवा अर्ध्या तासानं खप नोंदवणारा मीटर घर कधी बंद असतं हेही सांगतो. ती नोंद कोण पाहतो, किती दिवस ठेवतो, हे तपासणारा लेखापरीक्षकही लागेल.

सौर पंपांकडे येऊ. ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ योजनेत शेतकरी दहा टक्के भरतो, अनुसूचित जाती-जमातीचा असेल तर पाच टक्के, आणि पाच वर्षं दुरुस्तीची हमी मिळते. पंप लांबून पाहता यावा म्हणून कंट्रोलरला सिमकार्डाचं यंत्र जोडलेलं असतं. अर्धापूरच्या पुढे एका आखाड्यावर मी ती पेटी उघडलेली पाहिली. कंपनीच्या नोंदीत पंप ‘बंद’ होता आणि समोर हरभऱ्यात पाणी चाललं होतं. पेटी लोखंडाची, बसवणाऱ्यानं अँटेना आतच गुंडाळून ठेवलेली, तळाशी मुंग्यांनी आणलेली मूठभर माती. तालुक्याच्या गावात मोटारी बांधणाऱ्या एका पोरानं वायर जाते त्या बुचातून अँटेना बाहेर काढली, खांबाला बांधली, माती झाडली, कनेक्शन पुसून घट्ट केलं. अर्ध्या तासात पंप नोंदीत ‘चालू’ झाला. त्या पोराला या कामाचे पैसे शेतकऱ्यानं चहासोबत हातावर ठेवले. ज्या हमीखाली हे काम व्हायला हवं होतं, तिच्यातला एक रुपयाही त्याच्यापर्यंत येण्याची वाट नव्हती.

मला या लेखात जे म्हणायचं आहे ते सगळं त्या आखाड्यावर होतं. काम आहे, ते करू शकणारा हात आहे, हमीच्या रूपानं पैसाही आधीच मोजलेला आहे. या तिघांना एकत्र बांधणारी कंपनी तेवढी नाही. अशी कंपनी उभी राहिली तर ती त्या पोराला पगार देईल, विमा देईल, त्यानं काय पाहिलं याची नोंद ठेवेल, आणि पुढच्या टेंडरच्या वेळी ‘पेटी लोखंडाची नको, अँटेना बाहेर हवी’ असं हक्कानं सांगेल. हे ज्ञान पुस्तकात सापडत नाही. सीलबंद बॅटरीचं आयुष्य दर दहा अंश जादा उष्णतेला साधारण निम्म्यावर येतं, हे पुस्तकात मिळेल. पण मे महिन्यात नांदेडला पत्र्याच्या पेटीत हात घातला की चटका बसतो, म्हणून जूनच्या आत कुठल्या बॅटऱ्या बदलायच्या, ही यादी इथला माणूसच करू शकतो.

नेटवर्क झालेलं आहे, असं म्हणणाऱ्यांनी देगलूर-बिलोलीच्या सीमेवरच्या किंवा किनवट-माहूरच्या डोंगरातल्या गावांत एकदा रेंज शोधावी. तिथे प्रत्येक यंत्रात सिम घालण्यापेक्षा ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा परवानामुक्त पट्टा वापरता येतो. या पट्ट्यावर लोरा पद्धतीनं मोकळ्या शिवारात काही किलोमीटरवरचा सेन्सर चिमूटभर विजेवर बोलतो, आणि दहा-वीस गावांचं ऐकणारं एक केंद्र पाण्याच्या टाकीवर बसवता येतं. ते एका बऱ्या मोटारसायकलच्या किमतीत उभं राहतं. अवघड भाग पुढचा आहे: टाकीवर चढायची ग्रामपंचायतीची परवानगी, लाईट गेल्यावरचा बॅकअप, आकाशातल्या विजेपासून संरक्षण, कोरड्या काळ्या मातीत उन्हाळ्यातही टिकणारं अर्थिंग. ही कामं ज्याला सरपंच ओळखतो, त्याची लवकर होतात.

अशा जाळ्याची किती गरज आहे ते ऑगस्ट २०२५ नं दाखवलं. १७ आणि १८ तारखेच्या पावसात मुखेड तालुक्यातल्या हसनाळ, रावणगावसारख्या लेंडी खोऱ्यातल्या गावांत पाणी शिरलं, लष्कराला बोलवावं लागलं, माणसं आणि जनावरं गेली. लेंडीला पाणी येतं ते लातूर जिल्ह्यातल्या उदगीरच्या अंगानं आणि कर्नाटकातून. म्हणजे एका जिल्ह्यातला पाऊस काही तासांत दुसऱ्या जिल्ह्यातला पूर होतो. वरच्या ओढ्यांवर पाण्याची पातळी मोजणारी यंत्रं बसवून त्यांचा इशारा खालच्या गावाच्या भोंग्यापर्यंत नेणं तंत्रानं अवघड नाही. वर्षात ३६० दिवस काहीच न घडणारं ते यंत्र ३६१ व्या रात्री चालू असेल, याची हमी घेणं अवघड आहे. ॲप करून ही हमी देता येत नाही. दर महिन्याला जाऊन पाहणारा पगारी माणूसच ती देऊ शकतो.

लातूरला याहून जुनी आठवण आहे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून ‘जलदूत’ रेल्वे पाणी घेऊन लातूरला आली, पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर. मांजरा धरण आटलं होतं आणि ऑगस्टपर्यंत शहर त्या गाडीची वाट पाहत जगलं. ज्या शहरानं पाणी वाघिणींनी मोजलं, तिथे टाकीतून निघालेलं पाणी आणि नळाला पोचलेलं पाणी यांतला फरक प्रभागनिहाय रोज फलकावर लागला पाहिजे. त्यासाठी लागणारी प्रवाहमापकं बाजारात मिळतात. गाळानं अडकलेलं प्रवाहमापक साफ करणारी फळी विकत मिळत नाही, ती तयार करावी लागते.

‘इथे माणसं नाहीत,’ हा आक्षेप मला सर्वांत जास्त लागतो. नांदेडची श्री गुरु गोविंदसिंहजी अभियांत्रिकी संस्था १९८१ पासून इंजिनिअर घडवते आहे. स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ साली उभं राहिलं. दोन्ही शहरांत शासकीय तंत्रनिकेतनं आहेत, तालुक्या-तालुक्यांत आयटीआय आहेत. लातूर पॅटर्ननं मुलांच्या पिढ्या डॉक्टर-इंजिनिअर होण्याच्या वाटेला लावल्या. त्यांना परत यायला कारण मात्र आपण दिलं नाही. हिंजवडीत दहा बाय दहाच्या खोलीत तिघं राहून दुसऱ्या देशातल्या लिफ्टचे सेन्सर सांभाळणारा अहमदपूरचा मुलगा हेच काम अहमदपूरला करू शकतो. तो येत नाही, कारण इथे त्या कामाला नाव नाही, पगार नाही आणि कंत्राट नाही.

कंत्राटाचा प्रश्न खरा आहे, तो मी झाकणार नाही. तीन वर्षांची कोट्यवधींची उलाढाल मागणाऱ्या टेंडरात नवी कंपनी उभीच राहू शकत नाही आणि सरकारी बिल निघेपर्यंत लहान उद्योजकाचं घर गहाण पडतं. पण यावरचे उपाय नवे नाहीत. केंद्राच्या २०१७ च्या वित्तीय नियमांत नवउद्योगांना उलाढाल आणि अनुभवाच्या अटींत सूट देण्याची तरतूद आहे. राज्याची नाविन्यता सोसायटी २०१८ पासून स्टार्टअप सप्ताह भरवते आणि निवडलेल्या उद्योगांना सरकारी खात्यात प्रयोग करायला १५ लाखांपर्यंतचे कार्यादेश मिळत आले आहेत. मोठं कंत्राट ज्याला द्यायचं त्याला द्या. देखभाल आणि तपासणी मात्र त्यातून वेगळी काढा, जिल्हानिहाय वाटा, आणि यंत्र जितके दिवस खरं चाललं तितक्या दिवसांचे पैसे दर महिन्याला द्या.

जून २०२५ मध्ये राज्यानं महाॲग्री-एआय धोरण मंजूर केलं, पहिल्या तीन वर्षांसाठी ५०० कोटी ठेवले. शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता यावी, माझा विरोध नाही. पण आडात नाही ते पोहऱ्यात कुठून येणार? कललेल्या खांबावरचा पाऊस आणि लोखंडी पेटीत कोंडलेला पंप यांच्या नोंदींवर शिकलेली बुद्धिमत्ता शेतकऱ्याला चुकीचा सल्लाच देईल, फक्त जास्त वेगानं. त्या ५०० कोटींतला ठरावीक वाटा आकडे तपासण्यासाठी राखून ठेवा, ही मागणी आपल्या आमदारांनी लावून धरली पाहिजे.

आणि सरकार हलेपर्यंत थांबायचंही कारण नाही. नांदेड आणि लातूरचे जिल्हाधिकारी जिल्हा नियोजनाच्या निधीतून प्रत्येकी दहा मंडळं निवडू शकतात. कॉलेजांनी अंतिम वर्षाच्या चार मुलांचा आणि आयटीआयच्या चार मुलांचा एकेक गट करावा. मोजपात्र, पाणसळ आणि सुटे भाग धरून हा खर्च १५ लाखांच्या मर्यादेत सहज बसतो. मृग लागायच्या आत, म्हणजे ७ जूनपूर्वी, त्या वीस मंडळांतल्या प्रत्येक पर्जन्यमापकात मोजून दोन लिटर पाणी सोडावं आणि यंत्रानं किती नोंदवलं ते तारीख-सहीसह त्या त्या मंडळातल्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फलकावर लावावं.